तटाच्या आतले नाव

पडद्याखालून दोन पाय दिसत आहेत.

रोम, इ.स. ४१, जानेवारीची २४ तारीख. पॅलेटाइन टेकडीवरच्या राजवाड्यात, एका दालनाच्या कोपऱ्यात तुम्ही भिंतीला पाठ टेकवून उभे आहात. थोड्याच वेळापूर्वी पलीकडच्या बोळात सम्राट कॅलिग्युलाला त्याच्याच पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्यांनी भोसकून मारले. आता सगळीकडे धावपळ आणि आरडाओरडा आहे, कोण कोणाच्या बाजूचा हेच कोणाला कळेनासे झाले आहे. एक साधा शिपाई, काही हाती लागते का ते बघत, दालनात शिरतो. त्याची नजर त्या पायांवर जाते आणि तो पडदा बाजूला सारतो. मागे पन्नाशीला टेकलेला एक माणूस उभा आहे. हा क्लॉडियस, मेलेल्या सम्राटाचा काका. चालताना लंगडतो, बोलताना अडखळतो, म्हणून घराण्याने त्याला बरीच वर्षे चारचौघांत पुढे येऊ दिलेले नाही. आता जीव जाणार या भीतीने तो शिपायाच्या पायांशी कोसळतो. शिपाई त्याला सम्राट म्हणून सलाम करतो.

क्लॉडियसचे पालखीवाले पळून गेले आहेत, तेव्हा शिपाईच आळीपाळीने खांदा देतात. तुम्ही मागोमाग निघा. रस्त्यातले लोक हळहळतात. त्यांना वाटते, बिचाऱ्याला मारायला नेत आहेत. पालखी शहराच्या ईशान्य टोकाला पोचते. समोर प्रिटोरियन गार्डची, म्हणजे सम्राटाच्या संरक्षक दलाची, छावणी आहे. टायबेरियसच्या राजवटीत या दलाचा प्रमुख सेजानस याने शहरभर विखुरलेल्या तुकड्या एका ठिकाणी आणल्या आणि त्यांच्याभोवती तट बांधला, तो हा तट. दरवाजा उघडतो, पालखी आत जाते. सिनेट तिकडे प्रजासत्ताक परत आणायची चर्चा करत बसते. क्लॉडियस रात्र तटाच्या आत काढतो आणि प्रत्येक शिपायाला १५,००० सेस्टर्स देण्याचे कबूल करतो. सम्राट ठरला.

याच राजवटीत टांकसाळीतून सोन्याची आणि चांदीची काही नाणी बाहेर पडतात. छाप्यावर क्लॉडियसचे डोके आणि काट्यावर ही छावणी: चर्यांचा तट, खाली कमानी, आत निशाण घेऊन उभा असलेला शिपाई, आणि तटावर कोरलेले दोन शब्द, ‘इंपेर रेकेप्त’. सम्राटाचा स्वीकार झाला.

दरवाजे आणि तटबंदी असलेली रोमन नाणी जमवायला बसणाऱ्याने मनाने तरी सुरुवात इथून करावी, असे मला वाटते. कालक्रमात याच्याही आधीची आहेत. इ.स.पू. २५ मध्ये ऑगस्टसने स्पेनमध्ये निवृत्त सैनिकांसाठी वसवलेल्या गावाचा, म्हणजे आजच्या मेरिदाचा, दोन कमानींचा दरवाजा पुब्लियस कारिसियस या अधिकाऱ्याने पाडलेल्या चांदीच्या नाण्यावर आहे. दरवाज्यावर गावाचे नाव ‘एमेरिता’ आणि मागे गोल फिरलेला नगरकोट. फार देखणे नाणे आहे. पण त्यात नवे गाव वसल्याचा आनंद आहे, बाकी काही नाही. क्लॉडियसच्या नाण्यातला तट मात्र तुम्हाला थांबवतो. हा तट कोणाला कोणापासून वाचवतो? आतल्या माणसांनीच एक सम्राट मारला आणि त्यांनीच दुसरा उचलून आणला. बाहेरून कोणी आलेच नव्हते.

हा प्रश्न खिशात ठेवा. पुढे लागेल.

आता सव्वादोनशे वर्षे पुढे आणि पूर्वेला. आज तुर्कस्तानात असलेल्या इझ्निकच्या सरोवराकाठी तुम्ही उभे आहात. गावाचे त्या वेळचे नाव नायसिया. इ.स. २६० उलटले आहे. थोड्याच वर्षांपूर्वी गॉथ टोळ्या या मुलखात उतरल्या आणि शेजारच्या निकोमिडियाबरोबर नायसियाही जळाले. आता सम्राट व्हॅलेरियन इराणच्या शापूरच्या कैदेत आहे. पूर्वेत मॅक्रियानस नावाच्या एका बड्या अधिकाऱ्याने आपल्या दोन तरुण मुलांना सम्राट म्हणून उभे केले आहे, आणि नायसियाच्या बाजारात त्या मुलांच्या नावाची पितळी-तांब्याची नाणी चालत आहेत. एक उचला. काट्यावर संपूर्ण नगरकोट आहे, आकाशातून पाहिल्यासारखा: कोनाकोनांनी वळत जाणारा तट, ओळीने बुरूज, त्यांत दरवाजे, आणि ग्रीक अक्षरांत नायसियावासीयांचे नाव. उंचावरून हे गाव बघण्याची सोय त्या कारागिराला कुठून असणार? त्याने कोट पायी फिरून मनात गोल जुळवला असला पाहिजे.

मान वर करून खऱ्या कोटाकडे बघा. नाण्यावर तो पुरा आहे. प्रत्यक्षात दरवाज्यांवर सम्राट क्लॉडियस दुसरा याच्या नावाचे शिलालेख लागायला २६८-६९ उजाडणार आहे, म्हणजे अजून काही वर्षे आहेत. जळून गेलेल्या गावाने आपल्याला काय हवे आहे ते आधी नाण्यावर काढले. मला हे नाणे या सगळ्या प्रकारात सर्वांत प्रामाणिक वाटते. इथे धोका खरोखर बाहेरून आला होता आणि उपाय म्हणून खरोखर दगड रचले जात होते. सुमारे पाच किलोमीटरचा तो कोट आजही बऱ्याच ठिकाणी उभा आहे आणि त्याच्या दरवाज्यांतून लोक ये-जा करतात. नाण्यावरच्या त्या दोन मुलांची राजवट मात्र वर्ष-दीड वर्षात संपली. दोघेही २६१ मध्ये मारले गेले.

२९४ च्या सुमाराला फार वेळ थांबू नका, पण एकदा वाकून बघा. डायोक्लेशियनने राज्य चौघांत वाटले आहे: दोन वडील सम्राट आणि दोन कनिष्ठ. चांदीचे चांगले नाणे नाहीसेच झाले होते, ते त्याने पुन्हा सुरू केले. एका रोमन पौंडात ९६, म्हणजे एकेक जेमतेम ३.४ ग्रॅमचे. त्याच्या काट्यावर चौघे जण तिवईवरच्या अग्नीत आहुती देत आहेत आणि मागे सहा-आठ बुरुजांचा कोट आहे. चौघांचे चेहरे इतके बारीक की कोण कोणता हे ओळखू येत नाही. ते ओळखू यावेत अशी इच्छाही नाही. चौघे म्हणजे एकच, असे सांगायचे आहे. पुढच्या तीस वर्षांत त्यांचे वारस एकमेकांशी लढून संपणार आहेत.

३१२. पुन्हा रोम, पुन्हा तीच छावणी. २८ ऑक्टोबरला मिल्व्हियन पुलाजवळ सम्राट कॉन्स्टंटाइनने रोम धरून बसलेल्या मॅक्सेंटियसला हरवले. प्रिटोरियन गार्ड मॅक्सेंटियसच्या बाजूने लढले होते. कॉन्स्टंटाइन ते दल कायमचे मोडून टाकतो आणि छावणीचा शहराकडचा तट पाडायला लावतो. पहारी चालत आहेत, धूळ उडते आहे. ज्या दरवाज्यातून क्लॉडियसची पालखी आत गेली तिथले दगड गाड्यांत भरले जात आहेत, असे समजायला हरकत नाही. बाहेरच्या बाजूचा तट तेवढा वाचतो, कारण चाळीस वर्षांपूर्वी ऑरेलियनने बांधलेल्या नगरकोटात तो सामील झालेला आहे. आज रोमला गेलात तर तो दिसतो. कॉन्स्टंटाइनने अचूक ओळखले होते की सम्राटाला धोका शहराकडे तोंड केलेल्या बाजूने असतो.

आणि याच माणसाने पुढे बारा वर्षांनी तट आणि दरवाजा साम्राज्यभर हातोहाती पोचवला.

ही कल्पना आली त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या मुलखातून. मार्मारा समुद्राच्या उत्तर किनाऱ्यावर, थ्रेस प्रांतातल्या हेराक्लियाच्या टांकसाळीत ३१८ च्या सुमाराला तुम्ही डोकावलात, तर पूर्वेचा सम्राट लिसिनियस याच्या नावाची हलकी तांब्याची नाणी पाडताना दिसतील: दगडांच्या थरांची भिंत, मध्ये कमान, वर तीन मनोरे. भोवती शब्द ‘प्रोविदेन्तिआए आउग्ग’, सम्राटांची दूरदृष्टी. शेवटचे अक्षर दोनदा आहे, कारण सम्राट दोन आहेत, लिसिनियस आणि कॉन्स्टंटाइन. रोमन टांकसाळी अशीच मोजदाद ठेवत. एक सम्राट तर एक ‘ग’, दोन तर दोन.

३२४ मध्ये दोघांत निर्णायक युद्ध झाले. जुलैत एड्रियानोपलला आणि सप्टेंबरात क्रिसोपोलिसला लिसिनियस हरला. कॉन्स्टंटाइनची सावत्र बहीण कॉन्स्टंशिया ही त्याची बायको. तिने रदबदली केली, जीवदानाचे वचन मिळाले, आणि लिसिनियसला थेसालोनिकाला पाठवून ३२५ मध्ये ठार केले. तोवर त्याच्या टांकसाळीतला दरवाजा कॉन्स्टंटाइनने उचलला होता. तिसरा मनोरा गेला, दोन राहिले, मध्ये एक तारा आला. लंडन, ट्रिअर, आर्ल, रोम, आज क्रोएशियात असलेले सिसिया, थेसालोनिका, निकोमिडिया, सिझिकस, अँटिओक, अलेक्झांड्रिया: एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाच दरवाजा पाडला जाऊ लागला. शब्दही तेच राहिले. सम्राट आता एकच उरला होता, पण नाण्यावर ‘ग’ दोनच. संग्राहक या दोन अक्षरांवर वर्षानुवर्षे वाद घालतात. मला ती दिसली की थेसालोनिका आठवते.

आता ट्रिअर, आजच्या जर्मनीतले. इथे राहा.

३२६ चा वसंत. तुम्ही उत्तरेकडून शहरात येता, आणि आज पोर्ता निग्रा या मध्ययुगीन नावाने ओळखला जाणारा दरवाजा समोर उभा राहतो. दीडशे वर्षांपूर्वीचे बांधकाम आहे. वालुकाश्माचे प्रचंड चिरे, चुना नाही, गारा नाही. एकाला एक लोखंडी पट्ट्यांनी अडकवलेले. दोन्ही बाजूंना मजल्यांवर मजले चढलेले बुरूज आणि मध्ये दोन कमानी. आत शिरल्यावर लगेच शहर लागत नाही. चारही बाजूंनी बंद असा एक चौक लागतो. बाहेरचा दरवाजा फोडून आत आलेला शत्रू इथे वरून टिपला जायचा. किल्ल्यांवर फिरलेली तुमची नजर हा डाव लगेच ओळखेल.

नाण्यावरचा दरवाजा तो हाच का? मोह होतो, पण नाही. हे नाणे अँटिओकला पाडतात तेव्हाही दरवाजा असाच असतो आणि अलेक्झांड्रियालाही असाच. त्याला गाव नाही. ट्रिअरचा स्वतःचा दरवाजा नाण्यावर पाहायचा असेल तर कॉन्स्टंटाइनचे इथलेच एक सोन्याचे मोठे नाणे बघायला हवे: मोझेल नदी, तिच्या काठचा कोट, दरवाज्यावर पुतळा आणि खाली बांधलेले कैदी. ते मोठमोठ्या अधिकाऱ्यांच्या हातात जायचे. तांब्याचा निनावी दरवाजा भाकरवाल्याच्या आणि न्हाव्याच्या हातात जायचा, आणि मला वाटते, म्हणूनच तो निनावी ठेवला. ज्याने त्याने आपल्या गावाचा दरवाजा त्यात बघावा.

रस्ता सरळ राजवाड्याकडे जातो. ६७ मीटर लांबीचे दरबारगृह, विटांचे, आत एकही खांब नाही. गेली काही वर्षे गॉल प्रांताचा कारभार कॉन्स्टंटाइनचा थोरला मुलगा क्रिस्पस याच्या नावाने इथून चालला. पहिल्या बायकोचा, मिनर्व्हिनाचा हा मुलगा. ३१७ मध्ये त्याला सीझर, म्हणजे कनिष्ठ सम्राट, केले. लॅक्टान्शियससारखा विद्वान त्याचा शिक्षक होता. ऱ्हाइनवर फ्रँक टोळ्यांना त्याने मागे रेटले. लिसिनियसविरुद्धच्या युद्धात डार्डानेल्सच्या सामुद्रधुनीत वडिलांचे आरमार त्याच्याच हाताखाली होते आणि त्याने लिसिनियसचे आरमार मोडले. ती समुद्रावरची लढाई हरली असती तर कॉन्स्टंटाइन एकछत्री सम्राट झाला नसता, हे माझे मत आहे.

टांकसाळीत शिरा. भात्याची फूस ऐकू येते आणि गरम तांब्याचा वास घशाला लागतो. इथे दोन विभाग आहेत. पहिल्याच्या नाण्यावर खाली ‘पी टी आर’, दुसऱ्याच्या ‘एस टी आर’. पहिले अक्षर विभागाचे, पुढची दोन ट्रिअरची. त्यांच्याशेजारी कधी चंद्रकोर येते, कधी टिंब, म्हणजे कोणत्या खेपेचे नाणे ते हिशेबनीसाला कळते. काही गडबड निघाली तर कोणाला धरायचे तेही कळते.

एका खिडकीपाशी ठसे कोरणारा बसला आहे. त्याच्या पुढ्यात तळहातात मावेल असा धातूचा ठोकळा. त्यात तो उलटा दरवाजा कोरतो आहे. आधी आडव्या रेघा. त्या दगडांच्या थरांच्या. किती काढायच्या याचा नियम नाही; एखादा सहा काढतो, एखादा नऊ-दहा. मग दोन थरांमध्ये बारीक उभ्या रेघा, खालच्या सांध्यावर वरचा सांधा येणार नाही अशा. भिंत कशी बांधतात हे या माणसाला ठाऊक आहे. सगळेच एवढी काळजी घेत नाहीत; काहींच्या भिंतीत चिरे एकावर एक उतरंडीसारखे नुसते रचलेले असतात, खरी भिंत असती तर एका धक्क्यात कोसळली असती. मग कमान. कमानीत फळ्या नाहीत, अडसर नाही, नुसती पोकळी. शेवटी वर दोन मनोरे आणि मधला तारा.

फळ्या नसलेला दरवाजा कसला? यावर संग्राहकांत दोन तट आहेत. काही म्हणतात हा छावणीचा दरवाजा, काही म्हणतात सीमेवरचा टेहळणीचा बुरूज आणि वरचे मनोरे म्हणजे इशाऱ्यासाठी जाळ पेटवायच्या जागा. मी पहिल्यांच्या बाजूचा आहे. याच सुमाराच्या आर्लच्या नाण्यांवर चार मनोऱ्यांचा असाच दरवाजा आहे आणि त्याला सताड उघडलेल्या दोन फळ्या स्पष्ट कोरल्या आहेत. कारागिरांना तो दरवाजाच वाटत होता.

पलीकडे ठोकणे चालू आहे. छाप्याचा ठसा, म्हणजे चेहऱ्याचा, ऐरणीत पक्का बसवलेला. त्यावर एक जण चिमट्याने तापलेली चकती ठेवतो. दुसरा काट्याचा ठसा, म्हणजे दरवाज्याचा, वर धरतो. तिसरा हातोडा घालतो. एक घाव आणि नाणे तयार: सुमारे ३ ग्रॅमचे, दोन सेंटिमीटरला जरासे कमी. तांब्यात चिमूटभर चांदी आणि वर चांदीचा इतका पातळ मुलामा की काही महिन्यांच्या व्यवहारात तो घासून जाईल. हातोडा सरळ काट्याच्या ठशावर बसतो, म्हणून दरवाजे लवकर फुटतात आणि चेहरे टिकतात. एका चेहऱ्यामागे अनेक दरवाजे खर्ची पडतात.

ऐरणीतल्या ठशावरचे नाव वाचा: फ्लाविउस यूलिउस क्रिस्पुस, नोबिलिसिमुस काएसार. अतिथोर सीझर. त्याच्या दरवाज्याभोवती ‘प्रोविदेन्तिआए काएस्स’, सीझरांची दूरदृष्टी. हा दरवाजा सीझर असलेल्या तिन्ही भावांना सामाईक आहे. क्रिस्पसच्या चेहऱ्यामागे तोच, सावत्र भाऊ धाकटा कॉन्स्टंटाइन याच्यामागे तोच आणि तिघांत लहान कॉन्स्टंशियस, वय वर्षे आठ, त्याच्याही मागे तोच.

मग एके दिवशी बातमी येते. क्रिस्पसला इस्ट्रियातल्या पोला गावी, आजच्या पुलात, वडिलांच्या हुकमाने ठार केले. नंतरच्या लेखकांनी सावत्र आई फॉस्टाचे नाव यात गोवले. त्याच वर्षी तीही मेली, कोंदट तापवलेल्या स्नानगृहात. टांकसाळीला कारणांशी काम नाही. टांकसाळीला एवढेच कळते की हे नाव बंद.

तुम्ही ऐरणीपाशी उभे आहात. एक जण पाचर ठोकून क्रिस्पसचा ठसा सैल करतो आणि उपसून काढतो. त्या जागी कॉन्स्टंशियसचा बसतो. वर दरवाज्याचा ठसा धरणारा माणूस हललेला नाही. त्याच्या हातातला ठसा अजून चांगला आहे, अजून कित्येक घाव सोसेल, आणि त्याच्यावर नाव नसल्यामुळे त्याला काही दोष लागत नाही. चकती ठेवली जाते. हातोडा पडतो. तोच तट, तोच तारा, तेच शब्द, दुसरा मुलगा.

साम्राज्यभर शिलालेखांवरून क्रिस्पसचे नाव छिन्नीने उडवले गेले. बिशप युसेबियसने पुढे कॉन्स्टंटाइनचे चरित्र लिहिले, त्यात हा मुलगा नाहीच. पण लोकांच्या कनवटीला गेलेली नाणी कोण गोळा करणार? ती चालत राहिली, हरवली, मडक्यांत पुरली गेली.

म्हणून ती आज मिळतात. आता आपल्या काळात या, टेबलावर उजेड करा आणि भिंग घ्या.

हे प्राचीन रोमच्या स्वस्तातल्या नाण्यांपैकी आहे. क्लॉडियसच्या छावणीचे सोने किंवा मेरिदाची चांदी बहुतेकांनी संग्रहालयाच्या काचेतूनच बघावी, पण कॉन्स्टंटाइनच्या घराण्याचा हा दरवाजा सामान्य पगारदार माणसालाही घेता येतो. म्हणूनच घाई नको. विकणाऱ्याकडे नाणे आधी कोणाच्या संग्रहात होते याचा कागद मागा. बल्गेरियात आणि आजूबाजूच्या मुलखात रात्री यंत्रे फिरवून शेते उकरली जातात, आणि जमिनीतून असे ओरबाडलेले नाणे कुठल्या घराच्या, कुठल्या रस्त्याच्या, कुठल्या वर्षाच्या थरात पडले होते ही माहिती कायमची जाते. कागद नसेल तर नाणे कितीही सुंदर असो, सोडून द्या. हे मी अगदी निक्षून सांगतो.

मिळाले की घासू नका. वरचा हिरवा-तपकिरी थर हेच त्याचे कवच आहे. आधी खालची अक्षरे वाचा. ‘पी टी आर’ म्हणजे ट्रिअर, ‘पी लॉन’ म्हणजे लंडन. आणि लंडनचे असेल तर जरा जपून ठेवा, कारण ती टांकसाळ ३२५ च्या सुमारास बंद झाली आणि तिथे हा दरवाजा फार थोडा काळ पाडला गेला. ‘एस एम’ने सुरुवात असेल तर बहुधा पूर्वेकडचे; पुढे ‘ए एन टी’ असेल तर अँटिओक, आणि विभागाचे अक्षर ग्रीक. मग थर मोजा. मनोरे मोजा. तारा आहे का, कमानीत टिंब आहे का, फळ्या आहेत का. कॉन्स्टंटाइनच्या काळातल्या नाण्यांची सूची पॅट्रिक ब्रून यांनी १९६६ मध्ये ‘रोमन इंपीरियल कॉइनेज’च्या सातव्या खंडात टांकसाळवार लावून दिली आहे, ती उघडली की तुमचे नाणे कोणत्या खेपेचे ते सापडते. दगडांचे थर सूचीत शोधू नका. ते त्या त्या कारागिराचे आहेत. एकाच टांकसाळीची, एकाच खेपेची दोन नाणी शेजारी ठेवा. एकात सात थर, दुसऱ्यात दहा. खिडकीपाशी दोन वेगळी माणसे बसली होती, याहून पक्का पुरावा त्या दोघांचा कुठेही नाही.

पुष्कळ जण हा संग्रह टांकसाळींप्रमाणे लावतात, प्रत्येक गावाचा एक दरवाजा. ते चांगलेच दिसते. पण तुम्ही ट्रिअर पाहून आला आहात, तेव्हा मी सुचवेन की नावांप्रमाणे लावा. पहिल्या ओळीत हेराक्लियाचा तीन मनोऱ्यांचा लिसिनियस. मग कॉन्स्टंटाइन. मग क्रिस्पस. मग धाकटे दोघे. सगळी नाणी काट्याच्या बाजूने ठेवलीत तर एकच भिंत लांबवर गेल्यासारखी दिसते. मग एकेक उलटा.

एक शेवटचा मुक्काम उरला आहे. ३३०, मे महिन्याची ११ तारीख. बॉस्फोरसकाठी कॉन्स्टंटाइनचे नवे शहर विधिपूर्वक त्याच्या नावाने खुले होते आहे. याच सुमाराला टांकसाळींना नवा नमुना जातो आणि दरवाजा बंद होतो. नव्या नाण्यावर दोन शिपाई समोरासमोर उभे आहेत, हातात भाले, मध्ये दोन निशाणे, भोवती ‘ग्लोरिया एक्सेर्कितुस’, सैन्याचा गौरव. ३३५ मध्ये कॉन्स्टंटाइन आपला पुतण्या डेल्मेशियस याला सीझर करतो आणि त्याच्याही चेहऱ्यामागे हेच शिपाई उभे राहतात. २२ मे ३३७ रोजी निकोमिडियाजवळ कॉन्स्टंटाइन मरतो. त्या उन्हाळ्यात नव्या राजधानीत सैनिकच त्याच्या भावांना आणि पुतण्यांना कापून काढतात. डेल्मेशियस त्यांत जातो. ९ सप्टेंबरला त्याचे हयात असलेले तिन्ही मुलगे, धाकटे दोघे आणि त्यांच्याहून लहान एक भाऊ, सम्राट म्हणून जाहीर होतात.

डेल्मेशियसच्या नाण्यावर तट नाही, दरवाजा नाही. नियमाने पाहिले तर तुमच्या संग्रहात त्याला जागा नाही. तरी त्याचे एक नाणे मिळाले तर घ्या आणि क्रिस्पसच्या शेजारचा खण त्याला द्या.